कंट्रोलरची पेटी घरी करायची: ॲक्रिलिक, पत्रा, पीव्हीसी की थ्रीडी प्रिंट?

फड_करवीर
उसाच्या पाण्याच्या ५ एचपी थ्री फेज मोटारीसाठी मोबाइलवरून चालू-बंद करणारा कंट्रोलर तयार आहे. आत ईएसपी ३२ (वायफाय असलेली छोटी कंट्रोल चिप), ४जी मॉड्युल, दोन रिले (विजेवर चालणारे स्विच) आणि २३० व्होल्टवरून ५ व्होल्ट देणारा सप्लाय. बोर्ड १०० × ८० मिमी, उंची ३५ मिमी. एकूण उष्णता ४ वॅटच्या आसपास.

पेट्या दोन हव्यात. एक शेतात, स्टार्टरशेजारी. वर पत्र्याचं छप्पर आहे, पण पावसाळ्यात शिंतोडे येतात आणि दुपारनंतर ऊन लागतं. दुसरी घरात: १६ × २ चा एलसीडी, चार बटणं, बाहेरून ५ व्होल्टचा अडॅप्टर. डोक्यात आहेत ते पर्याय: ३ मिमी ॲक्रिलिक लेझरवर कापून, पीएलए प्लॅस्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट करून, १८ गेज ॲल्युमिनियमचा पत्रा, किंवा उरलेल्या ११० मिमी पीव्हीसी पाइपचे तुकडे सपाट करून. दोन्हीला एकच पद्धत वापरता येईल का?

पत्रा_पंच
नाही, दोन्ही वेगळ्या करा. शेतातली पेटी घरी बनवूच नका. एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट या टणक प्लॅस्टिकची आयपी ६५ (धूळ आणि पाण्याचा फवारा अडवणारी) तयार पेटी आणा आणि सगळी मेहनत तिच्या भोकांवर घाला. पाणी शिरतं ते पेटीतून नाही, आपण पाडलेल्या भोकातून.

तुमचे पर्याय का नकोत ते सांगतो. पीएलए ६० अंशांजवळ मऊ पडतं. उन्हातल्या बंद पेटीचं झाकण तेवढं तापतं, स्क्रूचा ताण असतोच, मग झाकण कमान घेतं आणि रबर सुटतं. ॲक्रिलिकला उष्णतेचा त्रास नाही, पण स्क्रूच्या भोकाशी तडे जातात आणि सांध्यांना गॅस्केट (रबराची पट्टी) बसवणं अवघड. पत्र्याच्या पेटीत ४जीचा सिग्नल अडतो, म्हणजे अँटेना बाहेर काढायची, म्हणजे आणखी एक भोक. पीव्हीसी पाइप सपाट केला तरी त्याला गोल आकाराची आठवण राहते. पुन्हा तापला की कडा वळायला लागतात.

माप २०० × १५० × १०० मिमी घ्या. बोर्डाच्या मानाने मोठं वाटेल, पण वायरला वळायला जागा लागते आणि उष्णताही बाहेर पडली पाहिजे. या पेटीचं पृष्ठफळ ०.१३ चौरस मीटर होतं. प्लॅस्टिकच्या बंद पेटीला दर चौरस मीटरला, दर अंशाला ३.५ वॅट धरले तर ४ वॅटला आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा साधारण ९ अंश जास्त राहील. हे सावलीतलं गणित. ऊन थेट लागलं तर कितीतरी जास्त चढतं, म्हणून पेटी पांढरी किंवा फिकट करडी घ्या आणि पश्चिमेच्या बाजूला पत्र्याचा एक तुकडा दोन बोटं अंतर सोडून लावा.

भोकं फक्त खालच्या बाजूला. पीजी ९ ग्लँडला (केबल घट्ट धरून पाणी अडवणारी नळी) साधारण १५.५ मिमीचं भोक लागतं, तो ४ ते ८ मिमी जाडीची केबल धरतो. भोक स्टेप ड्रिलने (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होणारा बिट), कमी वेगावर, आतून लाकडाचा ठोकळा लावून. साधा मोठा बिट प्लॅस्टिकमध्ये अडकतो आणि कोपरा फोडतो. एका ग्लँडमधून एकच केबल. आणि सबमर्सिबलची चपटी केबल गोल ग्लँडमध्ये कधीच पाणी अडवत नाही, कडेला फट राहतेच. पेटीत येणारी केबल गोल घ्या.

भिंतीला लावताना पाठीला भोक पाडू नका. या पेट्यांना गॅस्केटच्या बाहेर कोपऱ्यात स्क्रूची जागा दिलेली असते, तीच वापरा.

वायरमन_३फेज
पेटीच्या आधी एक गोष्ट तपासा. स्टार्टरची कॉइल कितीची आहे? शेतातल्या थ्री फेज डीओएल (मोटार थेट लाइनवर चालू करणाऱ्या) स्टार्टरची कॉइल बहुधा ४१५ व्होल्टची असते, आणि बोर्डावरच्या छोट्या निळ्या रिलेवर २५० व्होल्ट एसी लिहिलेलं असतं. तो रिले थेट कॉइलच्या वाटेत घालू नका. मध्ये ज्याचे काँटॅक्ट ४१५ ला चालतात असा सहायक काँटॅक्टर (मोठा रिले) घाला आणि त्याला पेटीत जागा ठेवा. मग २०० × १५० सुद्धा अपुरी पडेल, पुढचं माप घ्या.

आत मेन्सची वायर आणि ५ व्होल्टची वायर एकाच बाजूने नेऊ नका. एक डावीकडून, एक उजवीकडून. मेन्स आणि लो व्होल्टेजच्या उघड्या धातूमध्ये ८ मिमी तरी अंतर हवं. टर्मिनलमधून सुटलेली वायर कुठे जाऊन टेकेल हे पाहा. टेकणार असेल तर मध्ये एबीएसचा पडदा उभा करा, आणि वायर टर्मिनलच्या अगदी जवळ टायने बांधा. स्टार्टरची लोखंडी पेटी अर्थ केलेली आहे ना, तेही बघून घ्या. अर्थच्या वायरच्या लगखालचा (टोकाच्या कडीखालचा) रंग खरवडून, स्टार वॉशर घालून.

अजून एक, मुंग्या आणि पाली. उबदार पेटी त्यांना आवडते. रिकामा ग्लँड उघडा ठेवू नका, बूच लावा.

पत्रा_पंच
कॉइलचा मुद्दा बरोबर. मी फक्त बोर्डाचं माप पाहिलं होतं.

ओलावा_आणि_बोर्ड
सगळं घट्ट बंद करण्यावर माझा आक्षेप आहे. दुपारी आतली हवा ५० अंशांवर असते, वळवाची सर आली की पेटी पाच-दहा मिनिटांत २५ वर येते. पूर्ण बंद पेटीत तेवढ्याने आतला दाब सुमारे ८ टक्के उतरतो. मग पेटी ग्लँडमधून, केबलच्या आवरणातून, मिळेल तिथून ओली हवा आणि पाणी ओढते. ते पाणी परत बाहेर जात नाही. काही महिन्यांनी टर्मिनलवर हिरवा थर दिसतो आणि लोक गॅस्केटला दोष देतात.

उपाय म्हणजे पडदा असलेला एम १२ चा ब्रीदर प्लग, खालच्या बाजूला. हवा जाते-येते, पाणी येत नाही. तो मिळाला नाही तर तळाच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात ३ मिमीचं एक भोक, आतून स्टेनलेसची बारीक जाळी. भोक पाडलं की आयपी ६५ राहत नाही हे खरं, पण तुमची पेटी छपराखाली आहे, तिथे ते चालतं. गगनबावड्याकडच्या पावसात, उघड्यावर, मी ब्रीदरच घेईन. सिलिका जेलची पुडी भोकाच्या पेटीत लवकरच निरुपयोगी होते.

बोर्डावर कॉन्फॉर्मल कोटिंगचा (ओलावा अडवणाऱ्या पातळ लेपाचा) स्प्रे मारा, दोन पातळ थर. कनेक्टर, रिले आणि अँटेनाचं सॉकेट आधी टेपने झाका. फट बुजवायला सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं नको, ते तांबं खातं. न्यूट्रल क्युअर मागा.

जागा नदीकाठची असेल तर पेटी २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणेच्या वर लावा. आयपी ६५ म्हणजे पाण्याचा फवारा, बुडणं नाही.

फड_करवीर
कॉइल ४१५ चीच निघाली, बरं झालं विचारलं. शेतातली पेटी तयार घेतो. घरातली मात्र स्वतःच करायची आहे. पत्रा जमेल का? बेंडिंग मशीन नाही, व्हाइस आहे.

पत्रा_पंच
जमेल. ५ व्होल्टचं काम, आत मेन्स नाही, घरातली जागा. इथे पत्रा सुंदर दिसतो. फक्त वायफाय लागणार असेल तर पाठीमागची बाजू ॲक्रिलिकची ठेवा आणि ईएसपीच्या अँटेनाचं टोक त्या बाजूला करा.

दोन यू आकार करा, एक तळ आणि एक झाकण. १८ गेज म्हणजे १.२ मिमी. बाहेरून रुंदी १५० आणि उंची ६० हवी असेल तर सपाट पट्टी ६० + १५० + ६० = २७० नाही कापायची. प्रत्येक वळणाला सुमारे २.१ मिमी वजा होतात, म्हणून २६५.८. हा आकडा वळणाच्या त्रिज्येवर बदलतो, तेव्हा आधी त्याच पत्र्याची २० मिमी रुंद, बरोबर १०० मिमी लांब पट्टी तुमच्या व्हाइसमध्ये काटकोनात वाकवा. दोन्ही भुजा बाहेरून व्हर्नियरने मोजा. बेरीज १०२.३ आली तर तुमची वजावट २.३.

वाकवायची रेघ पेन्सिलने काढा. स्क्रायबरने ओरखडलं तर पत्रा तिथूनच तडकतो. दोन २५ मिमी अँगलमध्ये पत्रा धरा, अँगलची कडा कानशीने किंचित गोल करा, वर लाकडी ठोकळा ठेवून लाकडी हातोडीने या टोकापासून त्या टोकापर्यंत थोडं थोडं खाली न्या. एका जागी ठोकलं की पत्रा लांबतो आणि कड लाटेसारखी होते. दोन-तीन अंश जास्त वाकवा, तो परत येतो. पत्रा मऊ जातीचा मागा. ६०६१-टी६ सारखा कडक पत्रा एवढ्या लहान त्रिज्येत फुटतो.

भोकं आणि खिडकी वाकवण्याआधी, पत्रा सपाट असतानाच. १६ × २ एलसीडीची खिडकी ७१.५ × २४.५ मिमी, स्क्रूची भोकं ७५ × ३१ वर, ३ मिमीची. तरी हातातला मॉड्युल मोजूनच रेघ मारा. रेघेच्या आत १ मिमी सोडून ३ मिमी भोकांची माळ, मधला तुकडा काढायचा, मग चपटी कानस.

हातकाम नको असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेझर कटिंग आणि प्रेस ब्रेकचं (पत्रा वाकवायच्या मशीनचं) काम होतं. मात्र तिथे स्वतःची वजावट घालून फाइल देऊ नका. बाहेरची मापं द्या, सपाट माप त्यांच्या डायप्रमाणे त्यांनाच काढू द्या. दोघांनीही वजा केलं की प्रत्येक वळणामागे पेटी २ मिमीने आखूड येते.

थर_०_२
बटणांची पट्टी प्रिंट केली तर सोपं जाईल. पीएलएऐवजी पीईटीजी हे जास्त उष्णता सोसणारं प्लॅस्टिक घ्या. बोर्डाच्या स्क्रूंसाठी एम ३ चे पितळी इन्सर्ट (आट्या असलेल्या नळ्या) सोल्डरिंग आयर्नने बसवा. भोक साधारण ४ मिमी, पण इन्सर्टची जाडी मोजून ठरवा. भोवतीची भिंत २ मिमीपेक्षा कमी नको, नाहीतर इन्सर्ट घालतानाच फुगते. शेवटचा अर्धा मिमी आयर्नने दाबू नका. आयर्न काढा आणि सपाट लोखंडी पट्टीने दाबून धरा, इन्सर्ट सरळ बसतो.