सिएटलले पोराकडे चाललो, ऑलिम्पिकच्या जंगलात पायी फिरणं आमाले झेपन का?

धुऱ्यावरचा माणूस

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यावरून लिहून रायलो, मोबाईलमध्ये बोलून टाइप करतो अन् तो कधी काहीच्या बाही लिहिते, सांभाळून घ्या.

पोरगा तीन वर्षांपासून सिएटलले आहे. औंदा आमा दोघांचा व्हिसा आला. ऑगस्टच्या सुरुवातीले निघतो अन् सप्टेंबर संपायच्या आत परत, काहून का मंग सोयाबीन काढणीले येते, सगळं भावाच्या भरवशावर टाकून जमत नाई. आता पोरानं चार दिवसांचा प्लॅन केला, ऑलिम्पिक नॅशनल पार्कचा. म्हणते बाबा एकाच पार्कात समुद्र, पावसाचं जंगल, तळं अन् बर्फाचे डोंगर, सगळं पायी पाहू. पहिल्या दिवशी स्टॉर्म किंग नावाचा डोंगर, मंग 'हो' नदीच्या काठानं तंबू घेऊन दोन रात्री, शेवटी समुद्र. म्हणे 'हो'ला जाऊ, मी म्हणलं हो पण कुठी, तर म्हणे तेच नाव आहे नदीचं.

मी ५९, सौ. ५५. तिचा उजवा गुडघा पायऱ्या उतरताना दुखते. मी वावरात रोज सात-आठ किलोमीटर चालत असन, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन धुऱ्याधुऱ्यानं, पण ट्रेकिंग म्हणता ते कधी केलं नाई. चिखलदऱ्याले दोनदा गेलो, गाडीतून उतरलो, पॉइंट पाहिला, कणीस खाल्लं, परत. तर हे झेपन का, पाऊस किती असते, साप-अस्वलाचं काय, बूट कोणते घ्यावे (गमबूट आहेत घरी), अन् पोराले नाराज न करता नाई कसं म्हणावं, जे माहीत असन ते सांगजा.

सिएटलचा वऱ्हाडी

काकाजी राम राम. मी मूळचा अचलपूरचा, इकडे नऊ वर्षं झाली, आईबाबांना घेऊन दोनदा ऑलिम्पिकला जाऊन आलो म्हणून हक्कानं सांगतो.

पहिलं म्हणजे स्टॉर्म किंग कॅन्सल. पोराला माझं नाव सांगा. अंतर दिसायला कमी आहे, एका बाजूनं तीनेक किलोमीटर, पण तेवढ्यात जवळजवळ २००० फूट चढ आहे आणि शेवटी शेवटी चक्क दोर धरून चढावं लागतं, भुसभुशीत माती आणि बाजूला उतार. चढणं एकवेळ होईल पण काकूंना उतरताना त्रास आहे म्हणता ना, मग विषयच संपला. त्याच पायथ्याशी मेरीमेअर धबधब्याची वाट आहे, जाऊन-येऊन तीन किलोमीटरला थोडी कमी, ९० फुटांवरून पाणी पडतं, जाताना मोठमोठी झाडं आणि शेवटी थोड्या पायऱ्या, त्या सावकाश. मग लेक क्रेसेंटच्या काठावर बसा. त्या तळ्याचं पाणी इतकं नितळ आणि निळं का, तर त्यात नायट्रोजन फार कमी, म्हणून शेवाळ धरत नाही. सहाशे फुटांहून खोल आहे. युरियाचे भाव पाहणाऱ्या माणसाला हे ऐकून गंमत वाटेल, माझे बाबा म्हणाले होते, म्हणजे खत न टाकल्याचं सौंदर्य आहे हे.

दुसरं, नकाशा पाहून फसू नका. पार्कच्या मधून आरपार रस्ताच नाही. हायवे १०१ सगळ्याला बाहेरून वळसा घालतो आणि त्यातून फाटे आत जातात, फाट्यानं आत जायचं आणि त्याच फाट्यानं परत यायचं. पोर्ट एंजेलिस या गावावरून 'हो'चं जंगल गाडीनं दोन तासांवर. माणूस थकतो तो चालून नाही, गाडीत बसून. माझ्या आईचे पाय ट्रेलवर नाही सुजले, गाडीत सुजले. म्हणून चार दिवसांत दोन मुक्काम करा, एक पोर्ट एंजेलिस, एक फोर्क्स गावाच्या बाजूला, रोज सकाळी एकच मोठी गोष्ट आणि संध्याकाळ मोकळी.

तिसरं, डोंगर पाहायचाच तर हरिकेन रिज. पोर्ट एंजेलिसवरून गाडी थेट वर जाते, २७ किलोमीटर, सव्वापाच हजार फुटांवर, समोर माउंट ऑलिंपस आणि त्याच्या हिमनद्या. तिथून हरिकेन हिलची वाट डांबरी आहे, एका बाजूनं अडीच किलोमीटरच्या थोडी वर, चढ आहे पण पावलापावलानं जातो. वरचा लॉज २०२३ च्या मे महिन्यात जळाला, तेव्हा पाणी-खाणं खालूनच घेऊन निघा.

आणि समुद्र. यावर जरा बोलतो कारण इथे मी तोंडावर पडलो होतो. रियाल्टो बीचवरून होल-इन-द-वॉल म्हणून खडकात भोक आहे, वाळू-गोट्यांवरून तीनेक किलोमीटर चालत जायचं. आपण वऱ्हाडी माणसं, आपल्याकडे पाणी येतं ते वरून नाहीतर कॅनॉलनं. समुद्राचं पाणी टायमटेबल लावून येतं-जातं हे शाळेत वाचलेलं, पण अंगात नसतं. आम्ही ओहोटीत त्या भोकातून पलीकडे गेलो, तारामासे बघत बसलो, बाबांनी फोटो काढले, मी मागे पाहिलं तर वाट नाही. पाणी. मग वरून टेकडीवरून जायची वाट शोधली, तिथे झाडाला लाल-काळी गोल पाटी असते, ती दिसली की समजायचं इथून वर चढा. चिखल, मुळं, आणि आई साडीत. एका हातानं निऱ्या आणि दुसऱ्या हातानं माझा शर्ट धरून चढली, वर पोचल्यावर पहिलं वाक्य, "तुले इंजिनिअर कोणं केलं रे." तेव्हा काकूंना ड्रेस किंवा ट्रॅकपँट, यावर वाद नको, आणि निघायच्या आधी भरती-ओहोटीचा तक्ता बघायचाच.

रानमेवा

काका, मी तिकडे दोन वर्षं शिकायला होते, आता परत यवतमाळात. वरच्या दादांनी सगळं बरोबर सांगितलं, मी फक्त जंगलाचं बोलते कारण तिथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला.

हो च्या खोऱ्यात वर्षाला साधारण १४० इंच पाऊस, म्हणजे साडेतीन हजार मिलिमीटर. आपल्याकडे हजाराच्या आसपास पडतो तेव्हा विचार करा. पण तो पडतो हिवाळ्यात! आपल्याकडे पोळ्याला झड लागलेली असते तेव्हा तिकडे त्यातल्या त्यात कोरडे दिवस असतात, म्हणजे तुमची तारीख नकळत एकदम बरोबर पडलीय. तरी रेनकोट ठेवाच. आणि गंमत म्हणजे समुद्रावरून आलेले ढग ऑलिम्पिकच्या डोंगरांना धडकून पश्चिमेलाच रिकामे होतात, त्यामुळे डोंगराच्या पलीकडे सिक्विम नावाच्या गावात जेमतेम १६ इंच. एकाच जिल्ह्याएवढ्या जागेत कोकणाहून ओलं आणि आपल्याहून कोरडं.

तंबू घेऊन दोन रात्री करू नका, हो नदीची पूर्ण वाट एका बाजूनं जवळजवळ २८ किलोमीटर आहे, हिमनदीच्या जवळ ग्लेशियर मेडोजपर्यंत, ती तरण्या पोरांची. तुम्ही हॉल ऑफ मॉसेस करा, सव्वा किलोमीटरचा गोल, आणि जोडीला स्प्रूस ट्रेल, दोन किलोमीटर, जवळजवळ सपाट. नदीच्या वाटेवर वाटलं तर अर्धा तास आत जाऊन परत फिरा, कोणी हजेरी घेत नाही.

पण तो सव्वा किलोमीटर दोन तासांत चाला. खरंच सांगते. लोक अर्ध्या तासात फोटो काढून निघतात. आपलं जंगल सागाचं, उन्हाळ्यात आरपार दिसणारं, पायाखाली पान करकरतं. तिथे पायाचा आवाजच येत नाही. एक पडलेलं झाड शोधा, सिट्का स्प्रूसचं, आडवं पडूनही तुमच्या छातीएवढं उंच असेल. त्याच्या पाठीवर बघा, हिरव्या शेवाळात बोटाएवढी हेमलॉकची रोपं एका ओळीत, जशी काही सरत्यानं पेरली. खाली जमिनीवर इतकी दाटी की बी रुजायला जागा मिळत नाही, म्हणून ते पडलेल्या खोडावर रुजतं, त्याची मुळं खोडाला मिठी मारून खाली जमिनीत जातात. मग शंभर-दोनशे वर्षांत मूळ खोड कुजून जातं आणि वर वाढलेली झाडं मुळांच्या पायांवर उभी राहतात, मधून पोकळ, पोरं खालून रांगत जातील एवढी. एका रांगेत चार-पाच मोठी झाडं दिसली की समजायचं इथे कधीतरी एक झाड आडवं होतं. मॅपलची झाडं तर त्याहून भारी, फांदीवर शेवाळाची गादी साचते आणि झाड स्वतःच्याच फांदीतून त्या गादीत मुळं सोडतं.

जनावरांचं: विषारी साप तिकडे नाहीत, हे तुम्हाला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. काळं अस्वल आहे, पुमा आहे, पण गर्दीच्या वाटांवर सहसा दिसत नाहीत. रूझवेल्ट एल्क दिसेल, सांबराचा दांडगा भाऊ समजा, १९३८ ला पार्क झालं त्यामागे या एल्कला वाचवणं हे मोठं कारण होतं. सप्टेंबरात त्यांचा माजाचा काळ, नर शिट्टीसारखं ओरडतात, जवळ जायचं नाही. वाटेवर वीतभर पिवळी बिनशंखाची गोगलगाय दिसेल, तुमच्या सोयाबीनचं आठवून तिच्यावर पाय देऊ नका प्लीज.

गमबूट नकोत, टाच सोलून निघेल. साधे घोट्यापर्यंतचे वॉटरप्रूफ बूट, आणि ते घरी पंधरा दिवस वावरात घालून मग न्या. काकूंना दोन काठ्या.

बोरअरब

एवढे लाखो रुपये घालून शेवाळ पाहायले जायचं? मेळघाट काय वाईट आहे. आपल्याच जंगलात कोणी चालत नाई अन् अमेरिकेत जाऊन झाडाले मिठ्या मारतात.

धुऱ्यावरचा माणूस

बोरअरब भाऊ, पोराले पाहायले चाललो, शेवाळ फुकटात आहे.

सिएटलचा वऱ्हाडी

😄 काकाजींनी एका ओळीत उडवला. पार्काचं तिकीट म्हणाल तर आम्ही गेलो तेव्हा अख्ख्या गाडीला सात दिवसांचे ३० डॉलर होते, माणशी नाही. हो च्या गेटवर उन्हाळ्यात गाड्यांची रांग लागते, सकाळी आठच्या आत पोचा, आणि आत मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे पेट्रोल आणि नकाशा फोर्क्सलाच.

एक सांगायचं राहिलं, काकाजी दारव्ह्याचे म्हणून मुद्दाम. लेक क्रेसेंटच्या उत्तर काठानं स्प्रूस रेलरोड ट्रेल आहे. पहिल्या महायुद्धात विमानं बनवायला हलकं आणि मजबूत लाकूड पाहिजे होतं, ते या स्प्रूसचं, म्हणून जंगलातून रेल्वे टाकली, आणि ती कामाला लागायच्या आत युद्धच संपलं. आता त्याच मार्गावर पायवाट आहे, सपाट, जुने बोगदे नीट करून घेतलेले, एका हाताला निळं तळं. तिथे चालताना मला सारखी आपली शकुंतला आठवत होती. कापसासाठी टाकलेली रेल्वे, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर. तिचीपण अशी पायवाट केली तर...

बोरअरब

शकुंतलेची पायवाट? मी त्याच लाईनवरच्या स्टेशनच्या गावचा आहे. आमाले गाडी पाहिजे, पायवाट नाई. पायी तर आमी तसेही चालूनच रायलो. लोकं इतकी वर्षं ब्रॉडगेजसाठी भांडून रायली अन् तुमी तिथी अमेरिकन फिरवता.

सिएटलचा वऱ्हाडी

हे मात्र मान्य भाऊ. चुकलं माझं.

रानमेवा

जमलं तर एल्वा नदी बघा, लेक क्रेसेंटला जाताना वाटेतच लागते. तिच्यावर दोन धरणं होती, २०११ ते २०१४ मध्ये दोन्ही फोडून काढली, सामन मासे वर जायला लागले परत. तिथल्या क्लॅलम आदिवासी लोकांची पवित्र जागा इतकी वर्षं पाण्याखाली होती, ती पाणी उतरल्यावर दिसली. माझी आजी गोसीखुर्द धरणाच्या बुडितातली, तिला हे फोनवर सांगितलं तर बराच वेळ बोललीच नाही. मग विचारलं, विहीर पण दिसली का गं.

धुऱ्यावरचा माणूस

मंडळी, काल रात्री पोराले सगळं वाचून दाखवलं. स्टॉर्म किंग गेला, तंबू गेला. थोडा हिरमुसला, मंग म्हणे बाबा मीच तिथी कधी गेलो नाई, यूट्यूब पाहून प्लॅन केला होता. आता पहिला दिवस तळं अन् धबधबा, दुसरा हरिकेन रिज, तिसरा 'हो', चौथ्या दिवशी समुद्र, ओहोटी पाहून. रेल्वेची वाट मी मागून घेतली, बोरअरब भाऊ रागावू नका, मले बोगदा पाहायचा आहे.

सौ.नं ट्रॅकपँटले होकार दिला पण वरून लांब कुर्ता. दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी ती पोराच्या घरीच करणार, वाटेत खायले. बूट पोरगा तिकडूनच घेऊन ठेवते म्हणे, मी म्हणलं रानमेवा ताईनं पंधरा दिवस वावरात घालाले सांगितले, तर म्हणे बरं, इथूनच यवतमाळात घ्या. नंबर समजत नव्हता, तिनं आजवर स्लिपरच घातली. आता पेपरवर पाय ठेवून पेन फिरवून रायलो, गुदगुल्या होते म्हणून ती पाय हलवते, तिसरा कागद आहे.