लहान मुलांचे सहज, नैसर्गिक फोटो : आपले अनुभव लिहा

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घरोघरी मुलांचे फोटो रोज निघतात. पण बारसे, जावळ, वाढदिवस यांचे अल्बम उघडले की मुले ताठ उभी राहून दात दाखवताना दिसतात आणि दिवसभर सोप्यात धुडगूस घालणारे आपले मूल त्यात सापडत नाही. ज्यांना ते फोटोत सापडले, त्यांनी नेमके काय केले हे सविस्तर लिहावे. सुरुवात मी करतो.

शहापूर, बेळगाव
माझी मुलगी तीन वर्षांची होईपर्यंत मी तिला "इकडे बघ, हस" असे सांगत असे आणि ती ओठ ताणून डोळे मिटून घेत असे. एका दुपारी ती खिडकीजवळ आजीसोबत शेंगा फोडत बसली होती. मी काही न बोलता फरशीवर पालथा झालो, कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला आणि बराच वेळ तसाच पडून राहिलो. पहिली काही मिनिटे ती माझ्याकडेच पाहत होती. मग एक शेंग फुटेना, तेव्हा तिने जिभेचे टोक ओठांत धरले आणि मला विसरली. खिडकीचा लहानसा उजळ चौकोन तिच्या दोन्ही डोळ्यांत उमटला होता. ५० एमएमची लेन्स, छिद्र (लेन्समधून उजेड आत येण्याची वाट) एफ/२.८, शटर १/२५० सेकंद आणि खोलीत उजेड कमी म्हणून आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १६००. त्यामुळे फोटोत थोडे दाणे, म्हणजे खरखरीत ठिपके, आले, पण ते चालतात. हललेला चेहरा मात्र नंतर कशानेही दुरुस्त होत नाही. छिद्र आणखी, एफ/१.८ पर्यंत उघडले तर जवळून एकच डोळा स्पष्ट येतो, म्हणून फोकस नेहमी जवळच्या डोळ्यावर ठेवावा. फ्लॅश मी तेव्हापासून वापरलेला नाही.

खानापूर तालुका
आमच्याकडे पावसाळ्यात आभाळ भरलेले असते आणि तो मऊ उजेड चेहऱ्यासाठी उत्तम असतो, कारण डोळ्यांखाली काळी सावली पडत नाही. मात्र पडवीला झडीसाठी बांधलेल्या निळ्या ताडपत्रीमागे भाच्याचे फोटो काढले, तेव्हा त्याचे गाल निळसर आले. ताडपत्री गुंडाळून वर बांधली आणि सावलीच्या बाजूला आजोबांचे पांढरे धोतर दोरीवर पसरले, तेव्हा खरा रंग परतला. उन्हाळ्यात आमच्या लाल मातीच्या अंगणाचा तांबूस उजेड हनुवटीखाली येतो. तोही आधी पाहून घ्यावा.

निपाणी
माझ्याकडे केवळ फोन आहे. पुतणीचा चेहरा भरून यावा म्हणून मी फोन अगदी जवळ नेत असे आणि नाक मोठे, कान मागे गेलेले दिसत. दोष लेन्सचा वाटला, पण कारण अंतराचे होते. आता दीड-दोन मीटर मागे सरकून २एक्स, म्हणजे दुप्पट झूम, वापरते. मूल धावत असेल तर बटण दाबून धरते, माझ्या फोनमध्ये त्याने एका दमात पुष्कळ फोटो येतात आणि त्यांतला एखादा ठेवण्यासारखा निघतो.

चिकोडी
झोप झालेली आणि पोट भरलेले असावे. भुकेल्या मुलापुढे कोणतेही तंत्र चालत नाही.

गोकाक
माझा चार वर्षांचा नातू कॅमेरा दिसताच आईच्या पदराआड जात असे. घरच्यांनी त्याला ओढून पुढे आणले, तेव्हा तो रडला आणि मी कॅमेरा ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी मी कॅमेऱ्याचा पट्टा त्याच्या गळ्यात अडकवून कॅमेरा त्याच्या हाती दिला. त्याने माझ्या पायांचे, कोंबडीचे आणि आपल्या गोकाकी लाकडी खेळण्यांचे फोटो काढले आणि प्रत्येक फोटो मला दाखवला. मग स्वतःच म्हणाला, "आज्जा, आता तू काढ की." तो उंबऱ्यावर बसला, लाकडी आंबा मांडीवर घेतला आणि त्याचा निघालेला रंग नखाने खरवडू लागला. मी समोर पायरीवर बसून सहा फोटो घेतले. पाचव्यात तो मान वर करून माझ्याकडे बघतो आहे, नखात पिवळा रंग अडकलेला आहे, आणि तो हसत नाही. आमच्या सोप्यात तोच फोटो लावला आहे.