मदत हवी आहे: पावसाळ्यातली २०० किमी आणि सुटणारी चेन

दर महिन्याला सायकलवर एक २०० किमी, साडेतेरा तासांच्या आत, असा नेम चालू आहे. जुलैला कोल्हापूर–गगनबावडा–कोल्हापूर दोनदा करायचं ठरलंय. गगनबावड्यापुढचा, कोकणात जाणारा करूळ घाट उतरणार नाही. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा धरतो आणि ब्रेकचे रबर (शू) भराभर झिजतात.

अडचण चेनची. ११ स्पीडची (मागे ११ दातेरी चक्रं) चेन गेजवर, म्हणजे झीज मोजायच्या पट्टीवर, ०.७५ टक्के दाखवत होती, म्हणून नवी टाकली. मागच्या मोठ्या कॉगवर (दातेरी चक्रावर) छान चालते, पण १३-१४ दातांच्या कॉगवर उभं राहून जोर दिला की दातांवरून कट्कन सुटते. इंडेक्सिंग (गिअर बदलाची जुळणी) तपासलं, मागचा डिरेलर जिथं बसतो तो हँगर सरळ आहे, चेनची कडक लिंक एकही नाही. म्हणजे जास्त वापरातले तेच दात झिजलेत, असं माझं मत. (११ स्पीडला ०.५ लाच चेन बदलावी, पुढे ती कॅसेटही, म्हणजे मागच्या कॉगचा संचही, खाते.)

११-३२ (सर्वांत लहान ११ दात, मोठा ३२) कॅसेट कोल्हापुरात लगेच कुठं मिळेल? तेवढेच दोन कॉग सुटे मिळतात का?

शिवाय, गगनबावडा रस्त्यावर साळवणच्या पुढं धो-धो पावसात वेट ल्यूब (पावसाळी चेन तेल) किती किलोमीटर टिकतं? तिथंच मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलं तर हायवेनं बेळगाव गाठून परत यायचा विचार आहे. त्या बाजूला सर्व्हिस रोड कुठं खराब आहे, तेही कळवा.