‘स्क्वीकर’ नेमका कुठे वापरायचा?

फिरकी: अमेरिकन बातम्यांत जेमतेम जिंकलेल्या सामन्याला ‘स्क्वीकर’ म्हणतात. हा आणि ‘नेल-बायटर’ एकच का? हरणाऱ्यालाही लावतात का? मराठी बातमीत काय लिहावं?

काठावर_पास: एकच नाही. स्क्वीकर निकालातल्या फरकाला म्हणतात, नेल-बायटर बघणाऱ्यांच्या धाकधुकीला. अठराव्या षटकापर्यंत जीव टांगणीला लावून सामना शेवटी तीस धावांनी सुटला, तर तो नेल-बायटर खरा, पण स्क्वीकर नाही.
हरणाऱ्यालाही चालतो, ‘दे लॉस्ट अ स्क्वीकर’ सर्रास लिहितात. क्रियापद मात्र तरून गेलेल्याचंच: स्क्वीक बाय, स्क्वीक थ्रू, स्क्वीक पास्ट.

गुणफलक: क्रिकेटमध्ये जरा जपून. धावांचा फरक सरळ दिसतो, विकेटचा फसवतो. २०२३ ची आयपीएल फायनल चेन्नईने ‘५ विकेट राखून’ जिंकली. वाचायला आरामशीर वाटतं! प्रत्यक्षात शेवटच्या दोन चेंडूंत १० हवे होते आणि जडेजाने षटकार-चौकार मारले. विकेटऐवजी उरलेले चेंडू बघा.

मतमोजणी: निवडणुकीतही हाच शब्द, पण फरक एकूण मतांच्या तुलनेत मोजायचा. ग्रामपंचायतीच्या वॉर्डात ४८ मतं म्हणजे दणदणीत विजय. २०२४ च्या लोकसभेला मुंबई वायव्यमध्ये रवींद्र वायकर तेवढ्याच मतांनी आले, तिथे दोघांचीही मतं साडेचार लाखांवर होती. अमेरिकेच्या २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडा राज्यात सुमारे ६० लाख मतांत जॉर्ज बुश ५३७ नी पुढे राहिले, तोही पक्का स्क्वीकर. याच्या उलट, म्हणजे एकतर्फी विजयाला, निवडणुकीत ‘लँडस्लाइड’ म्हणतात, खेळात ‘ब्लोआउट’.
मराठीत ‘निसटता विजय’ रुळलेला आहे, तोच घ्या. हरलेल्याच्या बाजूने ‘थोडक्यात हुकला’. बातमीत ‘स्क्वीकर’ देवनागरीत तसाच ठेवला तर निम्मे वाचक ‘स्पीकर’ वाचतील.

काठावर_पास: @मतमोजणी, सहमत. एक राहिलं. ब्रिटिश ‘नॅरो स्क्वीक’ म्हणजे थोडक्यात बचावणं, अपघातातूनसुद्धा. तिथे ‘विजय’ लिहिलं की अर्थाचा अनर्थ. ऑनलाइन गेमवाल्यांचा ‘स्क्वीकर’ तर निराळाच: माइकवर चिरक्या आवाजात ओरडणारं पोरगं. आणि सगळे अर्थ बोलीतले. अहवालात किंवा औपचारिक पत्रात ‘नॅरो व्हिक्टरी’च लिहा.