शेव्हेलच्या मागे फोर्डचा नाइन-इंच कशाला? टर्बो 400 आणि 12-बोल्ट पुरेसं आहे

बिगब्लॉक_ओहायो
इथे कुणाचीही शेव्हरोलेची जुनी शेव्हेल नाहीतर कॅमॅरो बघायला जा, मालक पहिलं हेच सांगणार की मागे फोर्डचा नाइन-इंच एक्सल बसवून घेतलाय. मला हे अजिबात पटत नाही. गाडी रस्त्यावर चालवायची आहे, पुढे 396 किंवा 454 घन इंचाचं बिग ब्लॉक (मोठं व्ही8) इंजिन आहे, टायर साधे रेडियल आहेत, तर टर्बो 400 ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि जीएमचाच (शेव्हरोलेच्या मूळ कंपनीचा) 12-बोल्ट एक्सल ठेवा आणि उरलेले पैसे ब्रेकवर घाला. 1970 च्या एलएस6 इंजिनवाल्या शेव्हेलला कंपनीने काय दिलं होतं आठवा, 450 हॉर्सपॉवर, 500 पाउंड-फूट टॉर्क, गिअरबॉक्स मॅन्युअल एम22 नाहीतर टर्बो 400, आणि मागे हाच 12-बोल्ट, 8.875 इंची क्राऊन (एक्सलमधलं मोठं दातेरी चाक), 30 स्प्लाइनचे (टोकाला 30 खाचांचे) एक्सल शाफ्ट. टर्बो 400 तर रोल्स-रॉइसने सिल्व्हर शॅडोत वापरला, फेरारीने 1976 मध्ये त्यांच्या 400 ऑटोमॅटिकमध्ये घेतला, अजून कसला पुरावा पाहिजे? शिवाय नाइन-इंचचा पिनियन (क्राऊनला फिरवणारं छोटं गिअर) क्राऊनच्या मध्यापासून बराच खाली बसतो, दात एकमेकांवर जास्त घासतात आणि तेवढी पॉवर नुसती तेल तापवण्यात जाते.

नऊइंची_टेक्सास
दादा, एलएस6 चं उदाहरण दिलंत पण टायर सांगायचे राहिले. त्या गाडीला एफ70-14 चे बायस-बेल्टेड (रेडियलच्या आधीच्या बांधणीचे) टायर होते, पाय दाबला की नुसता धूर. टायर घसरला म्हणून क्राऊन-पिनियन वाचला! आज लोक तीच गाडी रुंद आणि चिकट रेडियलवर उभी करतात, टायर रस्ता सोडतच नाही, मग सगळा झटका दातांवर आणि एक्सलवर येतो. आणि 12-बोल्टचं खरं दुखणं म्हणजे सी-क्लिप. एक्सल आतल्या बाजूला त्या छोट्या क्लिपवर अडकलेला असतो, तो तुटला की चाक ड्रमसकट बाहेर सरकतं. नाइन-इंचला बेअरिंग बाहेरच्या टोकाला पक्कं बांधलेलं असतं, एक्सल तुटला तरी चाक जागेवर राहतं. वर पिनियनला मागून तिसरं बेअरिंग, त्यामुळे जोर आला तरी पिनियन क्राऊनपासून ढकलला जात नाही. थोडी पॉवर जाते हे मान्य, पण चाक निघण्यापेक्षा ते बरं.

मोपारप्रेमी
तुम्ही दोघं हॉर्सपॉवर आणि टायरवरच अडकलात, क्लचचं कोण बोलणार? 1969 च्या प्लिमथच्या हेमी रोड रनरकडे बघा. इंजिन तेच 426, पण क्लचवाली फोर-स्पीड घेतली तर मागे डेना 60 एक्सल, 9.75 इंची क्राऊन. टॉर्कफ्लाइट 727 ऑटोमॅटिक घेतली तर 8¾ इंची क्राऊनच्या एक्सलवर भागायचं. का? क्लच एकदम सोडला की फ्लायव्हीलची सगळी गती एका क्षणात प्रोपेलर शाफ्टवर आदळते, ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर तोच झटका तेलात मऊ करतो. हेमीच्या ए-833 फोर-स्पीडला इनपुट शाफ्टसुद्धा 18 स्प्लाइनचा जाड, छोट्या इंजिनांना 23 स्प्लाइनचा बारीक. म्हणजे आधी क्लच का ऑटोमॅटिक ते ठरवा, मग एक्सल. माझ्या मते ऑटोमॅटिकवाल्याने डेना 60 टाकणं म्हणजे उगाच वजन ओढणं.

हायवेवाला_मिशिगन
सगळे तुटण्यावरच बोलताय, झिजण्यावर कोणीच नाही. टर्बो 400 चा टॉप गिअर 1.00. मागच्या एक्सलचा रेशो 3.73, टायर 26 इंची, ताशी 70 मैलांवर इंजिन जवळपास 3,400 आरपीएमवर ओरडत राहतं, तासन्‌तास. याला टिकाऊ म्हणायचं? टीकेएक्स हा मॅन्युअल फाइव्ह-स्पीड 0.68 ओव्हरड्राइव्हवाला (म्हणजे टॉप गिअरला इंजिन कमी फिरतं) टाकला तर तेच 2,300 वर येतं, आणि तो 600 पाउंड-फूट टॉर्कचा आहे. ऑटोमॅटिकच हवी तर 4एल80ई, तो टर्बो 400 चाच वंशज, वर 0.75 चा चौथा गिअर. बिग ब्लॉकमागे स्वस्त म्हणून 700आर4 ऑटोमॅटिक मात्र नको, त्याची टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल जरा चुकीची लागली की क्लच प्लेट जळून जातात.

बिगब्लॉक_ओहायो
@हायवेवाला_मिशिगन 4एल80ई ला वेगळा कंप्युटर लागतो, गिअरबॉक्सखालचा क्रॉसमेंबर सरकवा, प्रोपेलर शाफ्ट कापा, एवढा खर्च करण्याऐवजी मागे 3.31 टाका. एलएस6 ला स्टँडर्ड तोच रेशो होता आणि बिग ब्लॉकला खालून एवढा टॉर्क असतो की उठायला काही अडत नाही. तुमच्याच 26 इंची टायरवर 70 ला साधारण 3,000 येतात.

@नऊइंची_टेक्सास सी-क्लिपचं बोलणं खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण त्यासाठी अख्खा एक्सल बदलायची काय गरज? 12-बोल्टच्या हाऊसिंगला नाइन-इंचची टोकं वेल्ड करून घेता येतात, बेअरिंग बाहेर येतं, क्लिप जातेच. नळ्या मधल्या ओतीव भागाला चारही बाजूंनी वेल्ड करा म्हणजे जोरात उठताना फिरत नाहीत. शेव्हेलच्या वरच्या कंट्रोल आर्मचे कान त्याच ओतीव भागावर आहेत, फोर्डचा बसवताना ते सगळं नव्याने जुळवावं लागतं आणि तिथेच लोक पिनियनचा अँगल चुकवतात, मग गाडी थरथरते, जॉइंट क्रॉस जातात.

नऊइंची_टेक्सास
टोकं, वेल्डिंग, नवे एक्सल, नवी बेअरिंग, एवढं केल्यावर खर्च नाइन-इंचच्या बरोबरीलाच येतो की हो. त्यात मूळ गाडीचा 12-बोल्ट आता मिळतोय कुठे, आणि जो मिळतो तो बरेचदा ट्रकचा, त्याचा पिनियन शाफ्ट बारीक, नवख्या माणसाला कळतही नाही. नाइन-इंचचा मधला गोळा क्राऊन-पिनियनसकट बोल्ट काढून पुढून अख्खा बाहेर येतो, रस्त्यासाठी 3.25 चा आणि ड्रॅग स्ट्रिपसाठी 4.11 चा असे दोन तयार ठेवा, शनिवारी सकाळी बदला. 12-बोल्टमध्ये रेशो बदलायचा म्हणजे गाडीखाली झोपून शिम (पातळ चकत्या) लावत बसा. मूळ नंबरची एलएस6 असेल तर हात लावू नका, ती तशीच राहिली पाहिजे. पण शेव्हेलच्याच साध्या मालिबूत बिग ब्लॉक टाकून, मागे तो छोटा 8.2 इंची 10-बोल्ट असताना जो मला विचारेल, त्याला मी नाइन-इंचच सांगणार, 31 स्प्लाइनचे एक्सल घालून.