राज्यपालही जनतेने निवडावेत का?

प्रश्न (फोंडा)
अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत गव्हर्नर थेट मतदार निवडतात. आपण गोव्यात ४० आमदार निवडतो. राज्यपालांची नेमणूक मात्र राष्ट्रपती करतात. २०१७ साली काँग्रेसला १७ आणि भाजपला १३ जागा मिळाल्या असतानाही राज्यपाल मृदुला सिन्हा यांनी मनोहर पर्रीकर यांना सरकार स्थापनेसाठी पाचारण केले, तेव्हापासून हा प्रश्न मनात घोळत आहे. काबो येथील राज्यपालांच्या निवासस्थानी राहणारी व्यक्तीही आपल्याच मतांनी निवडली गेली, तर जनादेशाची बूज अधिक राखली जाईल का? जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर (पणजी)
आपली तळमळ रास्त आहे, परंतु अमेरिकेतील गव्हर्नर हे स्वतःच राज्याचा कारभार चालवतात. त्यांची तुलना करायचीच तर आपल्या मुख्यमंत्र्यांशी करावी लागेल. संविधान सभेनेही आरंभी निर्वाचित राज्यपालांची कल्पना स्वीकारली होती. मात्र एकाच राज्यात जनतेने निवडलेले राज्यपाल आणि विधानसभेला उत्तरदायी असलेले मुख्यमंत्री अशी दोन सत्ताकेंद्रे उभी राहिली, तर संघर्ष अटळ ठरेल, हे ओळखून १९४९ च्या मे महिन्यात तिने नियुक्तीचा मार्ग पत्करला. मला तो निर्णय आजही योग्य वाटतो.

२०१७ च्या घटनाक्रमाकडेही बारकाईने पाहावे. काँग्रेस सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा पाठिंब्याची पत्रे घेऊन आपण आधी राज्यपालांकडे का गेला नाहीत, असे न्यायालयाने तिला विचारले. त्याच वेळी १६ मार्च रोजी सभागृहात बहुमत सिद्ध करण्याचा आदेशही दिला. पर्वरीच्या विधानसभेत पर्रीकरांच्या बाजूने २२ आणि विरोधात १६ मते पडली. फैसला अखेर सभागृहातच झाला, आणि तो तेथेच व्हायला हवा.

उत्तर (डिचोली)
वरील विवेचन पटते. तरीही मतदारांचा खरा विश्वासघात निकालानंतर काही काळाने होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. २०२२ च्या निवडणुकीपूर्वी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना देऊळ, चर्च आणि दर्ग्यात नेऊन पक्षनिष्ठेची शपथ दिली. तरीही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ११ पैकी ८ आमदार पक्ष सोडून गेले. एखाद्या पक्षाच्या दोन तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षातील विलीनीकरणाला संमती दिली की संविधानाच्या दहाव्या अनुसूचीनुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, ते अपात्रतेतून सुटतात. आपल्या इवल्याशा विधानसभेत ही संख्या गाठायला सात-आठ माणसे पुरेशी ठरतात. राज्यपाल निवडून आणल्याने ही पळवाट बुजणार नाही.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. मग त्रिशंकू विधानसभेत राज्यपालांनी आधी कोणाला बोलवावे, एवढे तरी कायद्याने ठरवता येणार नाही का?

उत्तर (पणजी)
जरूर ठरवता येईल, आणि ते व्हावे. केंद्र-राज्य संबंधांचा अभ्यास करणाऱ्या सरकारिया आयोगाने हा क्रम केव्हाच सुचवला आहे: प्रथम निवडणूकपूर्व युती, त्यानंतर इतरांच्या पाठिंब्यासह दावा करणारा सर्वांत मोठा पक्ष, आणि मगच निकालानंतर जुळलेली आघाडी. मात्र तो शिफारशीच्याच स्वरूपात राहिला आहे. त्याला वैधानिक बळ मिळावे आणि बहुमत चाचणीसाठीही निश्चित मुदत घालून द्यावी, अशी मागणी आपण आपापल्या आमदारांकडे लेखी स्वरूपात करू शकतो. डिचोलीच्या मित्रांनी म्हटल्याप्रमाणे विलीनीकरणाची तरतूद रद्द करण्याचा आग्रहही त्याच पत्रात धरावा. ती दुरुस्ती संसदेच्या हाती असल्याने त्याची एक प्रत आपल्या खासदारांनाही पाठवावी.