मदत हवी आहे: मिंट टाकताना डिस्कच दिसत नाही (तातडीचे)

कटकट्या | रविवार, सकाळी ११:०५

कालपासून डोकं फिरायची वेळ आलीय. घरच्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाकतोय. पेन ड्राइव्ह तयार केला, त्यावरून बूट झालं, डेस्कटॉप दिसला, वायफायसुद्धा लागलं. इन्स्टॉल करायला गेलं की डिस्कच दिसत नाही. पेन ड्राइव्ह तीनदा नव्याने केला, तेच. यूट्यूबवर सगळ्यांचं दहा मिनिटांत होतंय. जाणकारांनी लगेच सांगावं, आज उरकायचंय.

कर्नल_पॅनिक | ११:१२

एकही डिस्क दिसत नाही की हवी ती दिसत नाही? मशीन किती जुनं? मिंटची आवृत्ती कुठली? त्यावर विंडोज आहे का, आणि ते ठेवायचंय का?

कटकट्या | ११:१५

आय फाइव्ह आहे, ८ जीबी रॅम. मिंट लेटेस्ट. बाकी सगळं नॉर्मल.

चकली | ११:१९

नुसतं आय फाइव्ह म्हणजे वाण्याकडे जाऊन "डाळ द्या" म्हटल्यासारखं झालं, दादा. तूर की मूग? २००९ पासून आय फाइव्ह येताहेत.

बापूसाहेब | ११:२४

मुळात हा उद्योग कशासाठी? विंडोज १० चालतंय ना?

कटकट्या | ११:३०

१४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे अपडेट बंद झाले. ११ टाकायला गेलो तर तुमचा प्रोसेसर चालणार नाही म्हणून सांगतंय. दुकानदार म्हणाला, नवीनच घ्या. हे मशीन ऑफिसातून निघालेलं, दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलंय, ठणठणीत आहे. टाकून का देऊ? प्रोसेसर पाहिला, आय फाइव्ह ७५०० लिहिलंय. ब्रँड सांगत नाही, इथे त्यावरून भांडणं होतात.

चकली | ११:३३

म्हणजे सातवी पिढी. ११ ला इंटेलची आठवी किंवा त्यापुढची लागते. अपडेटची वर्षभराची मुदतवाढ मिळते पण विंडोज १० ला, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तेवढी घेऊन ठेवा.

निवृत्त_नागरिक | ११:४१

जुने दिवस आठवले. उबुंटूवाले एकेकाळी टपालाने फुकट सीडी पाठवायचे. नाव-पत्ता भरला की काही आठवड्यांनी परदेशातून पाकीट हजर, पोस्टेजसुद्धा त्यांचंच. आमचे पोस्टमन दर वेळी विचारायचे, मुलगा तिकडे असतो का? २०११ साली ती योजना बंद झाली. त्यातली एक सीडी अजून आहे माझ्याकडे, आता तुळशीशेजारी पक्षी हाकलायला टांगली आहे. असो. डिस्कचं काही मला सांगता येणार नाही.

आद्य_पेंग्विन | ११:४६

मिंट म्हणजे लिनक्समधली खिमट. आर्च (लिनक्सचाच जरा अवघड प्रकार) टाका. काय चाललंय ते तरी कळेल.

मनीमाऊ | ११:४८

त्यांना डिस्क दिसत नाहीये. आर्चला दिसणार आहे का?

आद्य_पेंग्विन | ११:४९

शिकायला तरी मिळेल.

कटकट्या | ११:५५

मला शिकायचं नाहीये, चालू करायचंय. १ टीबीची दिसते, पण तिच्यावर फोटो आहेत. विंडोजवाली छोटी डिस्क, एसएसडी, दिसत नाही. वर लिहिलंच आहे.

कर्नल_पॅनिक | ११:५७

वर यातलं एक अक्षर लिहिलेलं नाही.

बापूसाहेब | १२:०२

१ टीबी दिसतेय ना? मग इरेज डिस्क करा आणि मोकळे व्हा. मी माझ्या भाच्याच्या मशीनवर असंच केलं, सुरळीत चाललंय.

मनीमाऊ | १२:०३

थांबा!! कटकट्या, ते दाबू नका. फोटो त्याच डिस्कवर आहेत. इन्स्टॉलरला जी एकच डिस्क दिसतेय तीच तो साफ करणार.

कटकट्या | १२:१६

अहो, काल रात्री तिथपर्यंत गेलोच होतो. इरेज डिस्क निवडलं होतं, खाली १०००.२ जीबी असा आकडा दिसत होता आणि माउस इन्स्टॉल नाऊवर होता. आपली एसएसडी एवढी मोठी कधी झाली, एवढंच मनात आलं. तेवढ्यात बायकोने जेवायला हाक मारली म्हणून उठलो. मुलीच्या बारशापासूनचे फोटो आहेत त्यात. आता हात कापताहेत.

मनीमाऊ | १२:१८

दुसरी प्रत आहे का फोटोंची?

कटकट्या | १२:१९

हीच प्रत आहे.

मनीमाऊ | १२:२०

मग आजचं पहिलं काम इन्स्टॉल नव्हे. शेजाऱ्याकडून, साडूकडून, कुणाकडूनही एक बाहेरची हार्ड डिस्क आणा आणि फोटो उतरवून घ्या. मिंटच्या लाइव्ह (पेन ड्राइव्हवरूनच चालणाऱ्या) डेस्कटॉपवरूनसुद्धा होतं ते.

कर्नल_पॅनिक | १२:२४

सहमत. कॉपी चालू असताना एक करा. लाइव्ह मिंटमध्येच टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून सुडो डीमेसग (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदी दाखवणारी आज्ञा) द्या आणि त्या ढिगात रीमॅप्ड हा शब्द शोधा. (मोबाइलवरून लिहितोय, इंग्रजी कीबोर्डवर जायचा कंटाळा. तुम्ही मात्र रोमन छोट्या अक्षरांत टाइप करा.)

टंकनिका | १२:३१

मिंटमध्ये मराठी टायपिंगची काळजी करू नका. आयबस टाकून एम-१७-एनचं पॅकेज घेतलंत की इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळतात. लोहित आणि नोटो देवनागरी फाँट छान दिसतात. श्रीलिपीतल्या जुन्या फायली असतील तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर नुसतं गिचमिड दिसेल.

कटकट्या | १२:३८

@टंकनिका, मी हे विचारलं नव्हतं.

@कर्नल, सापडलं. जसंच्या तसं उतरवतो: "फाउंड १ रीमॅप्ड एनव्हीएमई डिव्हाइसेस. स्विच युवर बायोस फ्रॉम रेड टू एएचसीआय मोड टू यूज देम." म्हणजे काय?

कर्नल_पॅनिक | १२:५०

म्हणजे तुमचा पेन ड्राइव्ह पहिल्यापासून बरोबर होता. रेड आणि एएचसीआय हे डिस्क कंट्रोलर चालवायचे दोन प्रकार. तो रेड मोडवर असला की इंटेलचा चिपसेट एनव्हीएमई (नव्या जातीच्या वेगवान) एसएसडीला साटा (जुन्या, केबलवाल्या डिस्कच्या) कंट्रोलरच्या आड लपवतो. विंडोजकडे इंटेलचा ड्रायव्हर असतो, त्याला पडद्याआडचं दिसतं. लिनक्सच्या कर्नलला दिसत नाही, पण आड काहीतरी आहे एवढं तो बिचारा बोलून दाखवतो. साटाची हार्ड डिस्क पडद्याबाहेर असते, म्हणून ती १ टीबीवाली दिसते. ऑफिसची कित्येक मशीन कारखान्यातूनच रेडवर लावून येतात, आत एकच डिस्क असली तरी.

उपाय त्या ओळीतच आहे. पण विंडोज ठेवायचंय की नाही हे मी सकाळपासून विचारतोय. ते सांगेपर्यंत बायोसला (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगांना) हात लावू नका.

आद्य_पेंग्विन | १२:५३

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

कटकट्या | दुपारी १:४०

आद्य_पेंग्विन यांनी सांगितलं तसं एफ टू दाबून साटा ऑपरेशनमध्ये एएचसीआय केलं. दोन मिनिटांचं काम म्हणाले होते. आता विंडोज निळं होऊन पडतंय, इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस म्हणतंय. बायकोकडे सोसायटीचे हिशेब आहेत, टॅली त्यातच आहे, ३१ तारखेच्या आत मेंटेनन्सची बिलं काढायचीत. गेलं का सगळं??

मनीमाऊ | १:४२

काही गेलेलं नाही. परत एफ टू, परत रेड, सेव्ह. विंडोज उठेल.

मनीमाऊ | १:४३

आणि @आद्य_पेंग्विन, प्रतिसाद उडवून काय उपयोग? त्यांनी वाचून केलंसुद्धा.

कटकट्या | १:५२

उठलं. हुश्श. बायको अजून स्वयंपाकघरातच आहे, तिला यातलं काही कळलेलं नाही.

आद्य_पेंग्विन | १:५८

विंडोज ठेवायचंय हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं. मी गृहीत धरलं की लिनक्स टाकणारा माणूस विंडोज काढतो.

कर्नल_पॅनिक | २:०१

तेच विचारलं होतं ना.

बापूसाहेब | २:०५

सोसायटीला टॅली कशाला? आमची ८४ फ्लॅटची सोसायटी एक्सेलवर चालते. तुम्ही भाडेकरूवाल्या फ्लॅटला नॉन-ऑक्युपन्सी किती लावता?

चकली | २:०९

सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. आमचे सेक्रेटरी मनाला येईल तेवढं लावत होते, शेवटी निबंधकांकडे जाऊ म्हटल्यावर कमी केलं.

बापूसाहेब | २:१२

आम्ही १० टक्केच घेतो. पण सेवा शुल्कात काय काय धरायचं, वाद तिथे आहे.

मनीमाऊ | २:१५

धागा लिनक्सचा आहे.

कटकट्या, आता नीट ऐका. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, तेव्हा विंडोज राहू द्या आणि शेजारी मिंट टाका. फोटोंची प्रत झाली का? झाली असेल तरच पुढे.

विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग चालवा, बूट टॅबवर सेफ बूटची खूण करा, रीस्टार्ट द्या आणि विंडोज वर यायच्या आत एफ टू दाबून एएचसीआय करा. या वेळी विंडोज सेफ मोडमध्ये उठेल, आणि तसं उठतानाच ते एएचसीआयचा ड्रायव्हर कामाला लावतं. मग तीच खूण काढून रीस्टार्ट. बस. दोन गोष्टी आधी बघा: सेफ मोडमध्ये पिन कित्येकदा घेत नाही, खात्याचा खरा पासवर्ड हाताशी हवा. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. मोबाइलमध्ये फोटो चालेल, याच मशीनवर ठेवलेली चालणार नाही.

कटकट्या | ३:३०

पासवर्ड हिच्या खात्याचा निघाला. सांगावं लागलं. तो सोसायटीच्या पावतीबुकाच्या मागच्या पानावर लिहिलेला होता. बोलणी खाल्ली, पण झालं! विंडोज एएचसीआयवर चालतंय आणि मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये एसएसडी दिसतेय. फोटोही साडूच्या डिस्कवर गेले. आता?

कर्नल_पॅनिक | ३:३८

विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा. नाहीतर ते पूर्ण बंद होतच नाही, एक डोळा उघडा ठेवून झोपतं, आणि मग मिंट त्याच्या ड्राइव्हवर लिहायला बघत नाही. नंतर डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर उजवी टिचकी, श्रिंक व्हॉल्यूम. ६० जीबी मोकळे करा.

मनीमाऊ | ३:४१

आणि इन्स्टॉल करायच्या आधी मशीन बंद करून १ टीबीच्या डिस्कची साटा केबल काढून ठेवा.

कर्नल_पॅनिक | ३:४४

नवख्या माणसाला कॅबिनेट उघडायला लावू नका. इन्स्टॉलरमध्ये डिस्कचं नाव आणि आकार नीट वाचला की पुरतं.

मनीमाऊ | ३:४६

काल रात्री आकार वाचूनही माउस तिथेच होता त्यांचा. जी डिस्क जोडलेलीच नाही ती कुणाच्या हातून पुसली जात नाही.

कर्नल_पॅनिक | ३:५१

बरं. काढा केबल. भिंतीवरचा स्विच बंद करून.

कटकट्या | ४:२०

श्रिंकमध्ये ६० टाकलं तर ही एवढीशी पट्टी मोकळी झाली. तीळभर.

चकली | ४:२२

तो आकडा एमबीत असतो दादा. ६१४४० टाका.

निवृत्त_नागरिक | ४:३०

आमच्या वेळी अख्खी हार्ड डिस्क ४ जीबीची होती.

कटकट्या | संध्याकाळी ६:५०

झालं!!! केबल काढली (आत दोन वर्षांची धूळ आणि एक मेलेलं झुरळ), विंडोजच्या शेजारी टाका असा पर्याय आला तो घेतला, वीस मिनिटांत मिंट. सुरू करताना दोन्हींची यादी येते. केबल परत लावली, फोटो जागच्या जागी. मनीमाऊ ताई, कर्नल साहेब, चहा उधार.

आद्य_पेंग्विन | ६:५८

अभिनंदन. सहा महिन्यांनी कंटाळलात की आर्चसाठी या.

कटकट्या | सोमवार, सकाळी १०:३८

धागा वर काढतोय. बायकोने आत्ता विंडोज उघडलं तर घड्याळात पहाटेचे ५:०८. सोसायटीची मेल उघडत नाही, ब्राउझर म्हणतो तुमचं घड्याळ चुकीचं आहे. मदरबोर्डचा सेल गेला का? दुकानात नेऊ?

मनीमाऊ | १०:४१

नेऊ नका. बरोबर साडेपाच तास मागे आहे ना? सेल जाणारा असा मोजूनमापून जात नाही. मदरबोर्डच्या घड्याळात मिंटने ग्रीनिचची वेळ लिहून ठेवली आणि विंडोज तीच भारताची समजतंय. मिंटच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ द्या. मध्ये टाइमडेटसीटीएल सलग, मग जागा, मग डॅशसकट सेट-लोकल-आरटीसी, मग जागा आणि १. नंतर विंडोजमध्ये एकदा वेळ सिंक करून घ्या.

कर्नल_पॅनिक | १०:४९

शुद्ध मार्ग म्हणजे विंडोजलाच ग्रीनिच पाळायला शिकवणं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या वहीत) एक नोंद करावी लागते.

मनीमाऊ | १०:५०

त्यांच्या घरात आणि रजिस्ट्रीत आज कुणी हात घालायला नको.

कटकट्या | ११:१५

जमलं. हिचं काम सुरू झालंय. मिंटमधून प्रिंटर मात्र कागद ओढतो आणि कोराच बाहेर सोडतो. त्याचा वेगळा धागा काढतो.

चकली | ११:१७

मॉडेल लिहा त्यात.